दोन वर्षांत २४ अभिजात मराठी कादंबऱ्या: नाशिककरांसाठी वाचनसंकल्पाची वाट

मराठीतल्या गाजलेल्या कादंबऱ्या एकदा ओळीने वाचून काढायच्या, असं पुष्कळांच्या मनात असतं. २७ फेब्रुवारीला किंवा गुढीपाडव्याला यादी होते, दोन पुस्तकं घरात येतात आणि पावसाळा लागेपर्यंत यादी वहीतच राहते. विचारलं की सगळे वेळेचं कारण सांगतात. मी ही यादी शेवटपर्यंत वाचली आहे, आणि सोबत सुरू केलेल्या काही जणांना मध्येच थांबताना पाहिलं आहे. त्यांची अडचण बहुतेक वेळा क्रमाची होती. कुणी पहिल्याच महिन्यात १८५७ सालचं पुस्तक उघडलं, कुणी थेट दोन खंडांच्या कादंबरीला हात घातला. म्हणून या लेखात यादी दिली असली तरी माझा सगळा जोर क्रमावर आहे. कोणतं पुस्तक कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर वाचायचं हे जमलं की बाकीचं आपोआप जुळत जातं.

हा लेख नाशिकमध्ये राहणाऱ्यांसाठी आहे. पंचवटीत राहा, सिडकोत राहा की नाशिकरोडला, सगळ्यांना उपयोगी पडेल असं लिहायचा प्रयत्न केला आहे.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- वाचनालयाचं सभासदत्व. त्यासाठी साधारणपणे आधार कार्डाची छायाप्रत, सध्याच्या पत्त्याचा पुरावा (वीजबिल किंवा भाडेकरार), पासपोर्ट आकाराचे दोन फोटो, अनामत रक्कम आणि वर्गणी लागते. काही ठिकाणी जुन्या सभासदाची ओळख मागतात. आकडे आणि नियम बदलत असतात, त्यामुळे समक्ष जाऊन विचारा.
- एक शंभर पानी वही.
- महाराष्ट्राचा जिल्हावार नकाशा, भिंतीवर लावता येईल असा.
- मोबाइलवर मराठी शब्दकोश. 'बृहद्कोश' या संकेतस्थळावर अनेक जुने कोश एकत्र शोधता येतात. मोल्सवर्थचा कोशही ऑनलाइन आहे.
- चाळिशी ओलांडली असेल तर तपासून घेतलेला चष्मा. जुन्या आवृत्त्यांचा टाइप बारीक असतो आणि पिवळ्या पानावर तो आणखी फिका दिसतो. डोळे दुखतात म्हणून पुस्तक मिटतं, आणि आपल्याला वाटतं पुस्तकच कंटाळवाणं आहे.

१. आधी हद्द ठरवा

'अभिजात' कशाला म्हणायचं यावर वाद घालत बसलात तर वर्ष जाईल. मी एक साधी कसोटी लावली: पहिल्यांदा छापून येऊन किमान तीस वर्षं झालेली, आणि लोक आजही शोधून वाचतात अशी, मुळात मराठीत लिहिलेली कादंबरी. अनुवाद बाहेर. कथासंग्रह बाहेर. आत्मचरित्रंही बाहेर. हे शेवटचं जड जातं, कारण मग नाशिकशी घट्ट नातं असलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' यादीत बसत नाही. ते पुस्तक वाचाच, फक्त या संकल्पात मोजू नका.

संख्या २४ ठेवा. महिन्याला एक, म्हणजे दोन वर्षं. शंभर पुस्तकांची यादी ऐकायला छान वाटते, पण तिसाव्या पुस्तकावर उभं राहून पुढची सत्तर पाहिली की हातपाय गळतात. चोवीस झाल्यावर पुढची यादी करायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही.

एक नियम पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा: यादीतली जास्तीत जास्त तीन पुस्तकं बदलता येतील, आणि बदली पुस्तकही त्याच कसोटीवर उतरलं पाहिजे. नियम आधी लिहिलेला असला की नंतर मनाशी घासाघीस करावी लागत नाही. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' (१९६७) मी मुद्दाम बदलीसाठी बाजूला ठेवते. अनेकांनी ती कॉलेजच्या वयात वाचलेली असते. तुम्ही वाचली नसेल तर तिला पहिला मान द्या.

२. यादी आणि तिचा क्रम

सालाप्रमाणे वाचू नका. पहिली सहा पुस्तकं हात मोकळा करण्यासाठी आहेत, पुढची सहा मागे नेतात, मग खरा डोंगर चढायचा.

*पहिला टप्पा: सहा पुस्तकं*

'बनगरवाडी' (१९५५) पासून सुरुवात करा. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी छोटी आहे आणि तिच्यातलं एकही वाक्य वाया गेलेलं नाही. औंध संस्थानातला एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला जातो, इतकंच. सलग दोन रविवारी संपेल. पहिलं पुस्तक पूर्ण झाल्याचा आनंद पुढच्या पुस्तकाला लागतो, म्हणून सुरुवात छोट्या आणि उत्तम पुस्तकाने करायची.

दुसरं 'श्यामची आई'. हिला कादंबरी म्हणावं की आठवणी, यावर मतभेद आहेत. मी ती यादीत ठेवते, आणि नाशिककराने ठेवावीच असं मला वाटतं, कारण साने गुरुजींनी ती नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ९ फेब्रुवारी १९३३ ला सुरुवात केली आणि १३ फेब्रुवारीला ती पूर्ण झाली. लहानपणी शाळेत एखाददुसरा धडा वाचलेला असतो, तेवढ्यावर पुस्तक माहीत आहे असं समजू नका. पुस्तकातल्या सगळ्या 'रात्री', म्हणजे प्रकरणं, ओळीने वाचल्या की घराची उतरती कळा, कर्ज आणि आजारपण यांची साखळी दिसते. धड्यातून ती दिसत नाही.

तिसरं विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' (१९३९). युद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर देशोधडीला लागलेली ज्यू माणसं आणि त्यांच्यातली हेर्टा. १९३९ साली मराठीत असं लिहिलं जात होतं हे कळल्यावर पुढच्या वाचनाची अपेक्षाच बदलते. हीसुद्धा लहान आहे.

मग कोकणातली दोन: गो. नी. दांडेकरांची 'पडघवली' (१९५५) आणि श्री. ना. पेंडशांची 'गारंबीचा बापू' (१९५२). 'पडघवली' अंबावहिनीच्या तोंडून येते आणि तिची बोली कानात घुमत राहते. 'बनगरवाडी' आणि 'पडघवली' एकाच वर्षी आल्या आहेत, आणि दोन्हींत गाव ओस पडतं. एक कोरड्या माणदेशात, दुसरं हिरव्या कोकणात. ही तुलना तुमची तुम्ही करून बघा. वहीतली पहिली मोठी नोंद बहुधा तीच होईल.

सहावी रणजित देसाईंची 'स्वामी' (१९६२). थोरल्या माधवराव पेशव्यांची ही गोष्ट वाचताना राघोबादादा पदोपदी भेटतात. पुस्तक संपलं की एका संध्याकाळी गंगापूर रोडने आनंदवल्लीला जाऊन या. ते नाव आनंदीबाईंवरून पडलं आहे आणि राघोबादादांचा मुक्काम तिथे असे. पुस्तकातला रुसवा-फुगवा ज्या माणसांचा होता ती आपल्या गावच्या नदीकाठी राहिली होती, हे तिथे उभं राहिल्यावर वेगळ्या तऱ्हेने कळतं.

*दुसरा टप्पा: मागे वळून सहा*

आता हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो'. ती 'करमणूक' पत्रातून १८९० पासून क्रमशः येत होती. आपणही तशीच वाचावी: रोज एक किंवा दोन प्रकरणं, जास्त नाही. एका बैठकीत शंभर पानं ओढायला गेलात तर यमूच्या घरातली जावा-नणंदांची, वाड्यातल्या कोंडमाऱ्याची वर्णनं एकसारखी वाटू लागतील. रोज थोडी वाचली की त्या घरात आपण राहायला लागतो. शेवटची प्रकरणं रात्री झोपताना वाचू नका.

तिच्यानंतर बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७), जिला मराठीतली पहिली कादंबरी मानतात. सालाने आधीची, पण वाचायची नंतर. दोन्ही नायिकांचं नाव यमुना आणि दोन्ही पुस्तकांचा विषय विधवांचे हाल. पदमनजी ख्रिस्ती झाले होते आणि पुस्तकात उपदेश उघडपणे येतो. पण यमूला आधी भेटून आलेल्या वाचकाला त्या उपदेशाखालची कळकळ लगेच दिसते. सरळ हिच्यापासून सुरुवात करणाऱ्याला ती दिसत नाही, आणि संकल्प तिथेच संपतो.

मग वामन मल्हार जोशींची 'इंदु काळे व सरला भोळे'. सगळी कादंबरी पत्रांची आहे, त्यामुळे पटापट पुढे सरकते. कला, नीती, लग्न यांवरचे वाद तिच्यात भरपूर आहेत आणि अजून शिळे झालेले नाहीत. त्यानंतर 'ब्राह्मणकन्या' (१९३०). लेखक ज्ञानकोशकार श्री. व्यं. केतकर. इथे सावध राहा: गोष्ट रंगात आलेली असताना समाजशास्त्रावरची चर्चा मध्ये येते. ती गाळू नका. केतकरांना गोष्ट सांगायची होतीच, पण त्याहून जास्त जातीच्या व्यवस्थेचा पेच सोडवायचा होता, आणि कालिंदीचं आयुष्य त्या पेचात सापडलेलं आहे. पेन्सिल घेऊन वाचा. अर्थात पुस्तक स्वतःचं असेल तर.

टप्प्याच्या शेवटी विभावरी शिरूरकर, म्हणजे मालती बेडेकर: आधी 'हिंदोळ्यावर', मग 'बळी' (१९५०). आपट्यांच्या यमूला जे बोलता आलं नाही ते इथल्या बायका बोलतात. 'बळी' तर गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या तारेच्या कुंपणातल्या वस्तीत जाते. 'रणांगण'चे विश्राम बेडेकर हे मालतीबाईंचे पती. एका घरातून अशा दोन कादंबऱ्या निघाल्या, एक बोटीवरची आणि एक कुंपणातली. मला विचाराल तर 'बळी' हे यादीतलं सगळ्यात दुर्लक्षित पुस्तक आहे. प्रत मिळायला वेळ लागू शकतो, तेव्हा तिचा शोध दोन महिने आधी सुरू करा.

*तिसरा टप्पा: दहा पुस्तकं, जोड्यांनी*

इथून प्रत्येक महिन्याचं पुस्तक मागच्या महिन्याच्या पुस्तकाशी बोलायला लागतं, म्हणून मी जोड्या लावल्या आहेत.

'फकिरा' आणि 'ययाति' दोन्ही १९५९ च्या. अण्णा भाऊ साठ्यांचा फकिरा वारणेच्या खोऱ्यात उपाशी माणसांसाठी इंग्रजी सत्तेशी भिडतो. खांडेकरांचा ययाति राजवाड्यात सुखाने अतृप्त आहे. या ओळीनेच वाचा, आधी फकिरा. 'ययाति'च्या लेखकाला १९७४ चा ज्ञानपीठ मिळाला, मराठीतला पहिला. खांडेकरांची अलंकारिक भाषा आज काहींना जड वाटते. पहिल्या पन्नास पानांत तिची सवय होते आणि मग देवयानी, शर्मिष्ठा बोलू लागल्या की पुस्तक सोडवत नाही.

उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) आणि पेंडशांची 'रथचक्र' (१९६२). विदर्भातली कौतिक आणि कोकणातली एक बाई, जिला लेखकाने नाव दिलेलं नाही. दोघी मुलांना शिकवण्यासाठी आयुष्य झिजवतात. ही जोडी म्हणजे या संकल्पाचा गाभा आहे असं मी मानते. या दोन पुस्तकांच्या मध्ये दुसरं काहीही वाचू नका, वर्तमानपत्राची पुरवणीसुद्धा नको. 'धग'ची वऱ्हाडी पहिल्या दोन प्रकरणांत अडवेल, पण तिथे थांबू नका. त्याबद्दल पुढे सांगते.

भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' (१९६३) आणि भाऊ पाध्यांची 'वासूनाका' (१९६५). बरेच तरुण वाचक थेट 'कोसला'पासून सुरू करतात. ती एकटीही वाचता येते. पण आपटे, जोशी, खांडेकर वाचून मग तिच्याकडे आलात तर पांडुरंग सांगवीकर कोणत्या भाषेला, कोणत्या प्रकारच्या लिखाणाला वैतागला आहे ते नेमकं कळतं. 'वासूनाका'त मुंबईच्या नाक्यावरच्या पोरांची भाषा आहे, जशीच्या तशी. आचार्य अत्र्यांनी तिच्यावर झोड उठवली होती. शिव्या येतील, बायकांबद्दलचं बोलणं अंगावर येईल. मोठ्याने वाचायची असेल तर आसपास कोण आहे ते बघा.

जयवंत दळवींची 'चक्र' (१९६३) मुंबईच्या झोपडपट्टीत नेते आणि हमीद दलवाईंची 'इंधन' (१९६५) कोकणातल्या मुस्लिम घरात. दोन्ही आकाराने बेताच्या.

शेवटची जोडी 'सूड' (१९७०) आणि 'गोतावळा' (१९७१). 'सूड' बाबूराव बागुलांची लघुकादंबरी आहे. बागुल आपल्या विहितगावचे. त्यांच्या कथा माहीत असतात, ही मागे पडते. आनंद यादवांच्या 'गोतावळा'मध्ये शेतावरचा गडी नारबा स्वतःच्या बोलीत सगळं सांगतो. ट्रॅक्टर येतो आणि जनावरं एकेक करून जातात.

*चौथा टप्पा: दोन*

पेंडशांची 'तुंबाडचे खोत' (१९८७), दोन खंड, हजाराच्या वर पानं. तिला दोन महिने द्या. म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकात एक महिना कमी पडतो. तो 'इंधन' आणि 'सूड' एकाच महिन्यात वाचून आधीच वाचवून ठेवा. आणि शेवटी विश्वास पाटलांची 'झाडाझडती' (१९९१), धरणात गेलेल्या गावांची.

कुसुमाग्रजांची एकही कादंबरी यादीत कशी नाही, असं नाशिककर विचारतीलच. शिरवाडकरांनी कादंबऱ्या लिहिल्या आहेत, त्यांतली 'वैष्णव' बदलीच्या तीन जागांपैकी एकीवर आनंदाने घ्या. त्यांची कविता आणि नाटकं मोठी आहेत म्हणून कादंबरीला उगाच मोठं करावं असं मला वाटत नाही.

३. पुस्तकं मिळवणं

सगळी विकत घ्यायची गरज नाही. माझा सल्ला: सहा-सात विकत घ्या, बाकी वाचनालयातून आणा. विकत कोणती? जी बोलीत आहेत (धग, पडघवली, गोतावळा) आणि ज्यांवर खुणा कराव्याशा वाटतील (कोसला, ब्राह्मणकन्या). 'तुंबाडचे खोत' वाचनालयाच्या मुदतीत संपत नाही, तेव्हा तीही विकत किंवा मैत्रिणीकडून.

शहराच्या मध्यभागी, शालिमारजवळचं सार्वजनिक वाचनालय, ज्याला सगळे 'सावाना' म्हणतात, १८४० सालचं आहे. म्हणजे मराठीतल्या पहिल्या कादंबरीपेक्षाही सतरा वर्षांनी जुनं. जुन्या पुस्तकांसाठी पहिली चौकशी तिथे करा. तुम्ही सिडको, सातपूर किंवा नाशिकरोडला राहत असाल तर जवळचं छोटं वाचनालयही लावा. दर पुस्तकासाठी शालिमारपर्यंत जायचं म्हटलं की पंधरा दिवसांत कंटाळा येतो.

कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना नाशिकमधूनच सुरू झाली. वाचकांच्या गटाला पुस्तकांची पेटी मिळते आणि काही महिन्यांनी ती दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलली जाते. सोसायटीत किंवा ऑफिसात गट जमत असेल तर प्रतिष्ठानकडे चौकशी करा. फक्त पेटीत तुमच्या यादीतलंच पुस्तक असेल असं नाही.

फुकट आणि कायदेशीर मार्गही आहे. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी पुस्तक स्वामित्वहक्कातून मोकळं होतं. त्यामुळे पदमनजी, आपटे (निधन १९१९), केतकर (१९३७), वामन मल्हार (१९४३) आणि साने गुरुजी (१९५०) यांची पुस्तकं इंटरनेट अर्काइव्ह किंवा मराठी विकिस्रोतावर शोधायला हरकत नाही. खांडेकर, माडगूळकर, नेमाडे यांच्या पीडीएफ मोबाइलवर फिरत असतात. त्या घेऊ नका. मराठी पुस्तकाची आवृत्ती मुळात लहान असते आणि प्रत्येक खरी विक्री पुढच्या छपाईला लागते.

आता सापळे.

संक्षिप्त आवृत्ती: जुन्या कादंबऱ्यांच्या, विशेषतः आपट्यांच्या, संक्षिप्त किंवा कुमारांसाठीच्या आवृत्त्या मिळतात. मुखपृष्ठावर ते ठळक नसतं, आतल्या पानावर असतं. आधी आतलं पान उघडा.

खंड: "ताई, पहिला बाहेर गेलाय, दुसरा नेता का?" असं वाचनालयात हमखास विचारतात. नेऊ नका. पहिल्यासाठी नाव नोंदवून या.

फाटकी प्रत: वाचनालयाचं पुस्तक घेताना पहिली आणि शेवटची दहा पानं तिथेच उभ्याने तपासा. एका वाचनालयातून आणलेल्या प्रतीत शेवटचं प्रकरण गायब होतं आणि ते मला शेवटच्या रात्री कळलं. जुन्या बांधणीच्या पुस्तकांची शेवटची पानंच आधी निसटतात.

शोधताना लेखन: जुनी शीर्षकं आणि नावं दोन-तीन तऱ्हांनी नोंदलेली असतात. 'लक्षात' आणि 'लक्षांत', 'पदमनजी' आणि 'पद्मनजी', 'इंदु' आणि 'इंदू'. एका तऱ्हेने मिळालं नाही की पुस्तक नाही असं धरू नका. नोंदवहीत सापडत नसेल तर काउंटरवरच्या काकांना लेखकाचं नाव सांगा. जुन्या कर्मचाऱ्यांना कपाट तोंडपाठ असतं.

४. वेळेचं गणित

रोज वीस पानं. महिन्याला सहाशे होतात, म्हणजे 'तुंबाडचे खोत' सोडली तर यादीतलं काहीही महिन्यात बसतं आणि आजारपण, लग्नकार्य, पाहुणे यांच्यासाठी दिवस शिल्लक राहतात. वीस पानांना पाऊण तास धरा.

वेळ ठरलेली असावी. रोज पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाणाऱ्या पासधारकांना तर वेळ आयता मिळतो. जाताना झोप, येताना पुस्तक अशी वाटणी करा, आणि कसारा घाटात रेंज गेली की मोबाइल आपसूक बाजूला पडतो. गावातच नोकरी असेल तर पहाटेचा वेळ धरा. रात्री दहानंतर वाचू म्हणणाऱ्यांचं वाचन आठवड्याला तीन दिवसांवर येतं, हे मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे.

दिवाळीचा महिना कोरा ठेवा. दिवाळी अंक घरात आल्यावर कादंबरीला कुणी विचारत नाही, आणि अंक वाचणं हेही आपलंच वाचन आहे. दोन वर्षांत दोन दिवाळ्या, म्हणजे दोन महिने गेले. ते छोट्या पुस्तकांतून भरून काढा. 'बनगरवाडी' आणि 'श्यामची आई' एका महिन्यात होतात, 'रणांगण' आणि 'पडघवली' पुढच्या.

५. बोलीला घाबरू नका

ज्यांनी मध्येच पुस्तक ठेवलं त्यांच्यातल्या निम्म्यांनी तरी मला बोलीचं कारण सांगितलं. 'धग'ची वऱ्हाडी, 'गोतावळा'ची कोल्हापुरी, 'पडघवली'ची कोकणी वळणाची मराठी. उपाय एकच आणि तो लागू पडतो: पहिली पंधरा पानं मोठ्याने वाचा. शब्दकोश उघडू नका, अडलेला शब्द वहीत टिपून तसाच ठेवा. डोळ्याला जे परकं दिसतं ते कानाला ओळखीचं निघतं. पंधरा पानांनंतर वेग आपोआप येतो. मग वहीत लिहिलेले शब्द एकदम बघा. तोवर त्यांतल्या बऱ्याच शब्दांचा अर्थ संदर्भाने कळलेला असतो.

नाशिकला याचा एक फायदा आहे. इथे कळवण-सटाण्याची, जळगाव-धुळ्याची, विदर्भातून कामाला आलेली माणसं एकाच सोसायटीत राहतात. 'कोसला'तल्या खानदेशी वळणासाठी शेजारच्या काकूंना विचारा, 'धग'साठी ऑफिसातल्या अकोल्याच्या दादांना. ते शब्दाबरोबर शेत, सण, भांडण असं सगळं सांगतील. कोशात ते मिळणार नाही.

ऐकण्याची पुस्तकंही चालतील. चांगल्या वाचकाच्या आवाजात बोली खुलते. आधी तपासा की ध्वनिमुद्रण पूर्ण कादंबरीचं आहे, नाट्यरूपांतर नाही. आणि प्रवासात ऐकलेलं प्रकरण घरी एकदा चाळा.

६. वही

प्रत्येक पुस्तकाला दोनच पानं. डावीकडे माणसांची नावं आणि नाती. मोठ्या घराण्यांच्या कादंबऱ्यांत, खासकरून 'तुंबाडचे खोत'मध्ये पिढ्या मोजताना, यावाचून चालत नाही. उजवीकडे शेवटी पाच-सहा ओळी: काय लक्षात राहिलं, कशाचा राग आला, आधीच्या कोणत्या पुस्तकाची आठवण झाली. परीक्षण लिहू नका, ते लिहिण्याच्या धास्तीने पुढचं पुस्तक लांबतं. पुस्तक संपलं की नकाशावर त्या गावाच्या जागी टिंब काढा. माणदेश, दापोली-खेड, वारणाकाठ, विदर्भ, मुंबई... वर्षभरात कोणता भाग रिकामा राहिला आहे ते दिसतं. या यादीत मराठवाडा जवळजवळ नाही. बदलीच्या जागेवर तिथली एखादी कादंबरी घ्या.

७. अडकलात तर

पन्नास पानं वाचूनही आत शिरता येत नसेल तर पुस्तक बाजूला ठेवा, पुढचं उघडा आणि दोन महिन्यांनी परत या. 'ब्राह्मणकन्या' आणि 'यमुनापर्यटन' यांच्या बाबतीत हे बहुतेकांना करावं लागतं. दुसऱ्यांदाही जमलं नाही तर बदलीची जागा वापरा. त्यासाठीच ती ठेवली आहे.

पुस्तकावरचा चित्रपट आधी बघू नका, नंतर जरूर बघा. आणि प्रस्तावना शेवटी वाचा. मराठी प्रस्तावनाकार अख्खी गोष्ट, शेवटासकट, पहिल्या चार पानांत सांगून टाकतात.

८. कुणाला तरी सोबत घ्या

गट मोठा नको. दोघं पुरेत, तिघं उत्तम. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी गोदाघाटावर, कुणाच्या गच्चीवर किंवा गंगापूर रोडच्या कुसुमाग्रज स्मारकाच्या आवारात तासभर बसा. ज्याचं पुस्तक पूर्ण झालं नसेल त्यानेही यायचं, हा नियम पाळा, नाहीतर लाजेने माणसं गळतात. घरात आजी किंवा आत्या वाचणाऱ्या असतील तर त्यांना आधी विचारा. 'स्वामी', 'ययाति', 'हिंदोळ्यावर' त्यांनी त्या काळात वाचलेल्या असतात, आणि लग्न झाल्यावर सासरी पुस्तक कुठे लपवलं होतं इथपासून सांगायला सुरुवात करतात.

या आठवड्यात एवढं करा: आधार कार्डाची छायाप्रत आणि दोन फोटो पिशवीत टाका, वाचनालयाच्या वेळा आणि सुट्टीचा वार फोन करून विचारा, आणि जाताच दोन कामं उरका. 'बनगरवाडी' हातात घ्या, 'बळी'साठी नाव नोंदवा.